घटक ६ : ग्राहकाची सर्जनशीलता आणि बाजाराची भाषा – रत्नागिरी हापूसचा अभ्यास

उद्दिष्टे

हा घटक अभ्यासल्यानंतर तुम्हांला –
• ‘ग्राहकाची सर्जनशीलता’ ही संकल्पना स्पष्ट करता येईल.
• या विषयावरील संशोधनाचे प्रमुख टप्पे सांगता येतील.
• मोबाइलवरून होणाऱ्या आंबाविक्रीच्या संदेशांचे भाषिक विश्लेषण करता येईल.
• ग्राहकाच्या लेखनाचे स्वरूप व त्याच्या मर्यादा ओळखता येतील.
• आपल्या परिसरातील अशा भाषाव्यवहाराचा छोटा अभ्यास करता येईल.

६.१ प्रास्ताविक

विद्यार्थी मित्रहो, जाहिरातीच्या भाषेचा विचार करताना आपण सहसा एक चित्र गृहीत धरतो : लिहिणारा एक, वाचणारे अनेक. जाहिरातसंस्था मजकूर रचते, वृत्तपत्र तो छापते आणि ग्राहक तो वाचून वस्तू घेतो किंवा घेत नाही. या चित्रात ग्राहकाला वाणी नाही. तो फार तर दुकानदाराशी घासाघीस करतो. पण ती हवेत विरून जाते, तिची लिखित नोंद राहत नाही.

आंतरजाल हातातल्या मोबाइलवर आले आणि हे चित्र पालटले. २०१६ नंतर देशात मोबाइलवरील आंतरजाल-सेवा स्वस्त झाली, त्याच वर्षी यूपीआयमुळे मोबाइलवरून पैसे देणे सुलभ झाले आणि २०१८ मध्ये लहान व्यावसायिकांसाठी व्हॉट्सॲप बिझनेस भारतात उपलब्ध झाले. बागायतदार, गृहउद्योग चालवणाऱ्या स्त्रिया, मासळी विकणारे तरुण असे अनेक जण स्वतःच आपल्या मालाविषयी लिहू लागले. आणि त्यांना उत्तर देताना ग्राहकही लिहू लागला. मराठीच्या अभ्यासकाला या लेखनाकडे दुर्लक्ष करता येणार नाही, कारण आजच्या मराठी गद्याचा फार मोठा भाग याच ठिकाणी घडतो आहे.

या घटकासाठी आपण रत्नागिरीच्या हापूस आंब्याचे उदाहरण घेतले आहे. हंगाम जेमतेम दोन-अडीच महिन्यांचा. बागायतदाराची वर्षभराची मेहनत तेवढ्याच काळात विकली जायची असते. अशा वेळी ‘रत्नागिरी हापूस’ हे दोन शब्द कोणी, कोणत्या पेटीवर आणि कोणत्या अधिकाराने लिहायचे, हा भाषेचा प्रश्न अनेक कुटुंबांच्या चरितार्थाचा प्रश्न होतो.

६.२ ‘ग्राहकाची सर्जनशीलता’ म्हणजे काय?

‘सर्जनशीलता’ हा शब्द आपण कवी, चित्रकार, संगीतकार यांच्या संदर्भात वापरतो. वस्तू विकत घेणाऱ्याला तो लावणे प्रथम विचित्र वाटेल. पण कोकणातील स्वयंपाकघर आठवून पाहा. पिकलेल्या आंब्यांची रास एकदम घरात येते. ती सडण्यापूर्वी संपवायची असते. त्या अडचणीतून रस आटवून उन्हात वाळवलेले साठ आले, आंबावडी आली, आंबट-गोड रायवळाचे कोयाडे आले, कच्च्या कैरीचा मुरंबा आला. या पदार्थांचे पेटंट कोणी घेतले नाही आणि त्यांच्या कर्त्या स्त्रियांची नावेही कोठे नोंदलेली नाहीत. तरी उपभोगातील एक अडचण नव्या रीतीने सोडवण्याचे काम त्यांनी निश्चितपणे केले.

संशोधकांची व्याख्या याच अंगाने जाते. अमेरिकन अभ्यासक एलिझाबेथ हर्शमन यांनी १९८० मध्ये ग्राहकाच्या सर्जनशीलतेचा विचार समस्या सोडवण्याची क्षमता म्हणून केला : उपभोगाशी संबंधित अडचण सोडवण्यासाठी व्यक्ती जे ज्ञान आणि कौशल्य वापरू शकते, ती तिची सर्जनशीलता. प्रस्तुत घटकापुरते आपण तिचे तीन प्रकार मानू –

(अ) वापरातील सर्जनशीलता : वस्तू नव्या रीतीने वापरणे, टिकवणे, तिच्यापासून दुसरे काही करणे.
(आ) व्यवहारातील सर्जनशीलता : खरेदीची नवी व्यवस्था उभी करणे. गृहनिर्माण संस्थेतील वीस कुटुंबांची मागणी एकत्र करून थेट बागेतून पेट्या मागवणे, हे याचे उदाहरण.
(इ) भाषेतील सर्जनशीलता : वस्तूविषयी सांगणे, तिला नावे ठेवणे, तिची तुलना करणे, इतरांना शिकवणे.

आपला मुख्य विषय तिसरा प्रकार आहे. मात्र पहिले दोन प्रकार त्याच्यापासून तोडता येत नाहीत. नवी युक्ती दुसऱ्यापर्यंत पोचते ती भाषेच्याच वाटेने.

तुमची प्रगती तपासा – १
तुमच्या घरात एखादी विकत घेतलेली वस्तू मूळ हेतूपेक्षा वेगळ्या कामासाठी वापरली जाते का? तिचे वर्णन चार-पाच वाक्यांत करा. ती युक्ती तुमच्यापर्यंत कोणाकडून व कोणत्या शब्दांत आली, तेही लिहा.

६.३ संशोधनाची वाटचाल

ॲल्विन टॉफ्लर यांनी १९८० मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘द थर्ड वेव्ह’ या ग्रंथात उत्पादक आणि ग्राहक यांच्यामधील सीमारेषा पुसट होत जाईल असे भाकीत केले आणि या दोन्ही भूमिका एकत्र करणाऱ्या व्यक्तीसाठी ‘प्रोझ्युमर’ हा जोडशब्द घडवला. मराठीत आपण त्यास ‘उत्पादक-ग्राहक’ म्हणू.

एरिक फॉन हिपेल यांनी १९८६ मध्ये ‘अग्रेसर वापरकर्ता’ ही कल्पना मांडली. काही वापरकर्त्यांना एखादी गरज इतरांच्या आधी जाणवते आणि ती भागल्यास त्यांचा मोठा लाभ होणार असतो. म्हणून कंपनीची वाट न पाहता ते स्वतःच उपाय शोधतात. २००५ च्या ‘डेमोक्रटायझिंग इनोव्हेशन’ या पुस्तकात त्यांनी हा विचार आंतरजालाच्या काळाशी जोडून पुढे नेला.

भाषेच्या विद्यार्थ्याला विशेष महत्त्वाचा वाटावा असा निष्कर्ष जेम्स बरोज आणि डेव्हिड मिक यांच्या २००४ च्या अभ्यासात आहे. उपभोगातील अडचण नव्या रीतीने सोडवण्याचा संबंध त्यांना रूपकात्मक विचार करण्याच्या क्षमतेशी आढळला. एका वस्तूत दुसरी वस्तू पाहणे ही रूपकाची रीत आणि जुन्या वस्तूत नवा उपयोग पाहणे ही सर्जनशील ग्राहकाची रीत. दोहोंचे मूळ जवळचे असावे, असे यावरून म्हणता येते. पुढच्याच वर्षी पेज मोरो आणि डॅरेन डाल यांनी दाखवले की साधने व पर्याय मर्यादित असले, तर ग्राहक अनेकदा अधिक सर्जनशील होतो. कोकणातील गृहिणीला हे सांगण्यासाठी प्रयोगशाळा लागली नसती; पण अनुभवाचे शास्त्रीय विधान होण्यासाठी ती लागते.

चौथा धागा संशोधनपद्धतीचा. रॉबर्ट कोझिनेट्स यांनी १९९० च्या दशकात, आंतरजालावर एकत्र येणाऱ्या ग्राहकसमूहांच्या अभ्यासासाठी मानवशास्त्रातील लोकवर्णनाची पद्धत वापरली. २००२ च्या त्यांच्या लेखात कॉफीप्रेमी लोक आपसांत कॉफीविषयी कसे लिहितात याचे विवेचन आहे. आपण या पद्धतीस ‘आंतरजालीय लोकवर्णन’ म्हणू. या घटकाच्या शेवटी दिलेला उपक्रम तिच्यावरच आधारलेला आहे.

६.४ हापूस : नाव, ओळख आणि विश्वास

‘हापूस’ या शब्दाचा उगम पोर्तुगीज सेनानी अफोन्सो द अल्बुकर्क याच्या नावाशी जोडला जातो. पोर्तुगीजांच्या काळात गोव्यात कलमी आंब्याच्या जाती रुजल्या आणि त्यांतील एकीला हे नाव मिळाले. कोकणी-मराठीच्या मुखात ‘अफोन्सो’चा ‘फ’ हा ‘प’ झाला, आरंभी ‘ह’ आला आणि शब्द पुरता देशी झाला. इंग्रजीच्या वाटेने आलेला ‘अल्फान्सो’ निर्यातीच्या खोक्यावर दिसतो. एकाच नावाची ही दोन रूपे दोन वेगळ्या बाजारांत वावरतात : एक घरातले, दुसरे विमानतळावरचे.

या नावाला २०१८ मध्ये भौगोलिक निर्देशांक मिळाला. रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे व पालघर या जिल्ह्यांतील हापूस त्याच्या कक्षेत येतो. भौगोलिक निर्देशांकाचा कायदा १९९९ चा असून तो २००३ पासून अमलात आहे. या कायद्यानुसार नावाची मालकी एका व्यक्तीची नसते, ती प्रदेशातील उत्पादकांची सामूहिक असते. आणि उत्पादकाला ‘अधिकृत वापरकर्ता’ म्हणून नोंदणी करून घेता येते. भाषेच्या दृष्टीने हे लक्षणीय आहे. एरवी शब्द सर्वांचा असतो. येथे मात्र शब्द आणि त्याचा निर्देश यांच्यामधील नाते कायद्याने बांधले आहे.

असे बांधण्याची गरज का पडली? आंब्याचा गुण बाहेरून पुरता दिसत नाही. परप्रांतातील फळ रंगाने व आकाराने हापूससारखेच असू शकते आणि बाजारात ते ‘रत्नागिरी’ या नावाने विकले गेल्याच्या तक्रारी दर हंगामात होतात. शिवाय अस्सल फळ कापले तरी आत साका, म्हणजे गरातील पांढरट, स्पंजासारखा भाग, निघू शकतो. तो सालीवरून ओळखता येत नाही. विक्रेत्याला जे ठाऊक असते ते ग्राहकाला नसते, या स्थितीला अर्थशास्त्रात ‘माहितीची विषमता’ म्हणतात. जॉर्ज ॲकरलॉफ यांनी १९७० मध्ये जुन्या मोटारींच्या बाजाराचे उदाहरण देऊन दाखवले की ही विषमता वाढली, तर चांगल्या मालाला योग्य भाव मिळेनासा होतो आणि चांगला माल बाजारातून बाहेर पडू लागतो.

पूर्वी ही दरी ओळखीच्या फळवाल्याने भरून काढली होती. ग्राहक फळ हाती घेई, देठाशी वास घेई, फळवाल्याच्या तोंडाकडे पाही. मोबाइलवरील खरेदीत हात, नाक आणि डोळा ही तिन्ही साधने निकामी होतात. उरतात छायाचित्र आणि शब्द. थेट विक्रीमुळे मध्यस्थ कमी झाले हे खरे. पण मध्यस्थाने पेललेला विश्वासाचा भार आता भाषेवर आला. २०२० च्या टाळेबंदीत नेहमीची बाजारव्यवस्था विस्कळीत झाली आणि अनेक बागायतदारांनी शहरांतील गृहनिर्माण संस्थांशी थेट संपर्क साधला, तेव्हा हा भार एकाएकी जाणवला.

६.५ विक्रेत्याच्या संदेशाची भाषा

पुढे दोन नमुने दिले आहेत. अभ्यासाच्या सोयीसाठी ते रचलेले आहेत. तथापि अशा धाटणीचे संदेश तुम्ही नक्की वाचले असतील.

नमुना १ : “ओरिजिनल रत्नागिरी हापूस!! शंभर टक्के नॅचरल, केमिकल-फ्री. थेट बागेतून तुमच्या घरी. बेस्ट क्वालिटी, बेस्ट रेट. लिमिटेड स्टॉक. आजच बुक करा.”

नमुना २ : “नमस्कार. पावसजवळच्या आमच्या बागेतील हापूस. फळ मंगळवारी झेल्याने देठासह उतरवले असून गवताच्या अढीत आहे. पेटी पाच डझनांची. मिळाल्यावर तीन-चार दिवसांनी खाण्याजोगे होईल. यंदा अवकाळी पावसामुळे काही फळांच्या सालीवर डाग आहेत, आतला गर चांगला आहे. एखाद्या फळात साका निघाल्यास फोटो पाठवा. तेवढी फळे पुढच्या पेटीत भरून देऊ.”

तत्त्वज्ञ पॉल ग्राइस यांनी १९७५ मध्ये संभाषणातील ‘सहकार-तत्त्व’ मांडले. बोलणारा पुरेशी माहिती देईल, खरे तेच सांगेल, विषयाला धरून बोलेल आणि स्पष्ट बोलेल, या चार अपेक्षा आपण न कळत बाळगतो. त्या कसोटीवर दोन्ही नमुने लावून पाहू.

पहिल्या नमुन्यात विशेषणे भरपूर आणि माहिती थोडी आहे. ‘बेस्ट’, ‘नॅचरल’, ‘ओरिजिनल’ हे शब्द प्रतिस्पर्धीही तितक्याच सहजतेने वापरू शकतो. म्हणून त्यांची भेददर्शक शक्ती क्षीण झाली आहे. ‘ओरिजिनल’ हा शब्द तर नकलेच्या अस्तित्वाची आठवण करून देतो. जेथे संशय नाही तेथे त्याची गरजच पडत नाही. ‘केमिकल-फ्री’ हे विधान ग्राहकाला पडताळून पाहता येत नाही. कॅल्शियम कार्बाइडने फळे पिकवण्यास देशात कायद्याने बंदी आहे. पण संदेशातून कोणते रसायन टाळले हे कळत नाही.

दुसऱ्या नमुन्यात एकही अतिशयोक्त विशेषण नाही. त्यातील विधाने पडताळता येण्याजोगी आहेत : ठिकाण, दिवस, संख्या, पिकण्याचा काळ. शिवाय त्यात दोन महत्त्वाच्या भाषिक कृती आहेत. जे. एल. ऑस्टिन यांनी दाखवून दिल्याप्रमाणे काही वाक्ये माहिती देत नाहीत, ती काही करतात. “भरून देऊ” हे वचन आहे. ते मोडले तर लिखित पुरावा ग्राहकाच्या मोबाइलमध्ये राहतो. “डाग आहेत” ही कबुली आहे. स्वतःच्या मालातील उणीव सांगणारा माणूस उरलेले खरे सांगत असावा, असे अनुमान वाचक काढतो. उणिवेचा उल्लेख येथे विश्वास निर्माण करतो.

शब्दकळेतही भेद आहे. पहिल्या नमुन्यात इंग्रजी शब्दांचे मिश्रण दाट आहे. भाषामिश्रण मुळातच दोषास्पद असते असे नाही. ‘फोटो’ हा शब्द दुसऱ्या नमुन्यातही आहे आणि तो मराठीच झाला आहे. प्रश्न शब्द किती नेमके काम करतो हा आहे. ‘झेला’, ‘अढी’, ‘साका’ हे बागायतीच्या प्रयुक्तीतील शब्द आहेत. देठासह फळ उतरवण्यासाठी दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने सुधारलेला ‘नूतन झेला’ वापरात आहे. देठ मोडला तर चीक सालीवर ओघळून फळ डागाळते. हे ज्ञान त्या एका शब्दात साठवलेले आहे. मात्र शहरी वाचकाला ‘साका’ कळेलच असे नाही. प्रयुक्तीतील शब्द ठेवावा आणि त्याचा अर्थ दोन शब्दांत सांगावा, ही चांगल्या लेखनाची वाट.

येथे एक सावधगिरीची सूचना. दुसरा नमुनाही कोणी जसाच्या तसा उचलून आपल्या मालाला चिकटवू शकतो. प्रामाणिक भाषेचीही नक्कल होते. म्हणूनच भाषेच्या जोडीला भौगोलिक निर्देशांक, पेटीवरील क्यूआर कोड किंवा फळावरील विशिष्ट क्रमांक अशा भाषाबाह्य खुणांची व्यवस्था उत्पादकांना करावी लागते.

तुमची प्रगती तपासा – २
(१) पहिल्या नमुन्यातील कोणतीही तीन विशेषणे निवडा व त्यांच्या जागी पडताळता येईल अशी माहिती घाला.
(२) ‘पेटी’ हा शब्द पूर्वी लाकडी खोक्यासाठी होता. पुठ्ठ्याच्या खोक्यालाही तो लावला जातो, यावरून अर्थविस्ताराविषयी काय सांगता येईल?

६.६ ग्राहक लिहू लागतो

आता ग्राहकाकडे वळू. पुढील मजकूरही रचलेला आहे.

नमुना ३ : “पेटी मिळाली. साठपैकी तीन फळांत साका, बाकी उत्तम. अढी मोडली नाही, पेटीतच वर वर्तमानपत्र झाकून ठेवली. रोज फक्त वास घ्यायचा, दाबून पाहायचे नाही. आमच्यासारख्या दोघांच्या घराला पाच डझन जास्त होतात. शेजारी मिळून दोन-दोन डझन वाटून घेणे बरे.”

हा मजकूर वरवर साधा आहे. पण त्यात तीन कामे एकत्र झाली आहेत. प्रथम, ग्राहकाने मोजून माहिती दिली. ‘छान’ म्हणून तो थांबला नाही. दुसरे, पिकवण्याची कृती त्याने अननुभवी वाचकाला शिकवली. तिसरे, लहान कुटुंबाची गरज सांगून विक्रीची वेगळी रचना सुचवली. फॉन हिपेल यांच्या परिभाषेत हा ग्राहक ‘अग्रेसर वापरकर्ता’ होण्याच्या वाटेवर आहे. एखाद्या बागायतदाराने हे वाचून दोन डझनांचे खोके केले, तर त्या खोक्याचा एक कर्ता ग्राहकही ठरेल.

२०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मायकेल नॉर्टन व सहकाऱ्यांच्या प्रयोगांत असे दिसले, की माणूस स्वतःच्या हाताने जोडलेल्या वस्तूला अधिक मोल देतो. घरी अढी राखून आंबा पिकवणाऱ्याला तो अधिक गोड का लागतो, याचे एक उत्तर येथे सापडू शकेल. तो आठवडाभर त्या फळांची राखण करतो आणि त्या राखणीची गोष्टही सांगतो.

काही वेळा असे लेखन-कथन पुढे स्वतंत्र व्यवसायही होते. मधुरा बाचल यांनी २००९ मध्ये सुरू केलेली पाककृतींची यूट्यूब वाहिनी मराठी घरांत पोचली आणि पुढे त्यांचे मसालेही बाजारात आले. टॉफ्लर यांचा उत्पादक-ग्राहक मराठी बोलू लागला, असे याचे वर्णन करता येईल. या वाहिन्यांवरील भाषा छापील पाककृतीपेक्षा वेगळी आहे. “मंद आचेवर परतावे” या विध्यर्थाची जागा “आता आपण हे छान परतून घेऊया” या समावेशक प्रथमपुरुषाने घेतली आहे. लिहिणाऱ्याचा अधिकार कमी झालेला नाही. तो आपलेपणाच्या रूपात आला आहे.

६.७ मर्यादा आणि जबाबदारी

या साऱ्या चित्राची दुसरी बाजूही पाहिली पाहिजे.

पहिला प्रश्न श्रमाचा आहे. ग्राहकाने लिहिलेला अभिप्राय, काढलेले छायाचित्र, सुचवलेली सुधारणा यांचा लाभ विक्रेत्याला आणि त्याहून अधिक मंचाच्या मालक कंपनीला होतो. लिहिणाऱ्याला मोबदला मिळत नाही. लहान बागायतदाराला मदत म्हणून केलेले लेखन आणि बलाढ्य कंपनीसाठी न कळत झालेले फुकट काम यांत फरक करायला हवा.

दुसरा प्रश्न सत्याचा आहे. अभिप्राय विकत घेतले जाऊ शकतात. भारतीय मानक ब्यूरोने २०२२ मध्ये ग्राहकांच्या ऑनलाइन अभिप्रायांविषयी स्वतंत्र मानक प्रसिद्ध केले, यावरून या प्रश्नाचे गांभीर्य कळते. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींचा विचार २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात आहे.

तिसरा प्रश्न वगळले गेलेल्यांचा आहे. ज्या बागायतदाराला लिहिण्याची सवय नाही, त्याचे फळ उत्तम असूनही मागे पडू शकते. फळे निवडणाऱ्या, प्रतवारी करून पेट्या भरणाऱ्या स्त्री-मजुरांचे ज्ञान मोठे असते. या संदेशांत त्यांचा आवाज क्वचितच ऐकू येतो. ज्याला चांगले मांडता येते त्याचाच माल चांगला ठरावा, हा न्याय नव्हे. तुमच्यापैकी जे अशा घरांतून, अशा गावांतून शिकत आहेत, त्यांच्या मराठी शिक्षणाचा एक उपयोग येथे आहे : शेजाऱ्याचा संदेश त्याच्याच शब्दांत, खरा आणि नेमका, लिहून देता येणे.

६.८ सारांश

ग्राहकाची सर्जनशीलता म्हणजे उपभोगातील अडचण नव्या रीतीने सोडवण्याची क्षमता. ती वापरात, व्यवहारात आणि भाषेत प्रकट होते. आंतरजालामुळे ग्राहकाच्या भाषेची लिखित नोंद होऊ लागली. हापूससारख्या फळाचा गुण बाहेरून दिसत नसल्याने थेट विक्रीत विश्वासाचा भार शब्दांवर येतो. विशेषणांपेक्षा पडताळता येणारी माहिती, वचन आणि कबुली हा भार अधिक चांगला पेलतात. परंतु भाषेची नक्कल शक्य असल्याने कायद्याची व ओळखखुणांची जोड लागते.

६.९ पारिभाषिक संज्ञा

उत्पादक-ग्राहक : वस्तू वापरणारा आणि तिच्या घडणीत भाग घेणारा.
अग्रेसर वापरकर्ता : गरज इतरांआधी जाणवून स्वतः उपाय शोधणारा वापरकर्ता.
माहितीची विषमता : व्यवहारातील एका पक्षाला दुसऱ्यापेक्षा अधिक माहिती असण्याची स्थिती.
प्रयुक्ती : विशिष्ट व्यवसायात वा प्रसंगी वापरले जाणारे भाषारूप.
भाषिक कृती : बोलण्या-लिहिण्यातून घडणारी कृती, उदा. वचन, कबुली, विनंती.

६.१० स्वाध्याय

(अ) एका वाक्यात उत्तरे लिहा.
१. ‘प्रोझ्युमर’ हा शब्द कोणी घडवला?
२. हापूसला भौगोलिक निर्देशांक कोणत्या वर्षी मिळाला?
३. ‘साका’ म्हणजे काय?

(आ) सुमारे १५० शब्दांत उत्तरे लिहा.
१. सहकार-तत्त्वाच्या आधारे नमुना १ व नमुना २ यांची तुलना करा.
२. मध्यस्थ कमी झाल्यावर विश्वासाचा भार भाषेवर कसा येतो, ते स्पष्ट करा.

(इ) उपक्रम
तुमच्या परिसरातील एखाद्या वस्तूच्या (आंबा, काजू, मासळी, साडी, फराळ) विक्रीचे दहा संदेश आणि ग्राहकांचे दहा प्रतिसाद जमवा. ते ज्यांचे आहेत त्यांना आपला हेतू सांगून परवानगी घ्या. नावे व दूरध्वनी क्रमांक काढून टाका. नंतर प्रत्येक मजकुरातील विशेषणे, पडताळता येणारी विधाने, वचने, कबुल्या आणि व्यवसायातील खास शब्द यांचा तक्ता करा. वीस नमुन्यांवरून साऱ्या बाजाराविषयी निष्कर्ष काढू नका; तक्त्यात जे दिसते तेवढेच लिहा. शेवटी, ज्यांचे संदेश घेतले त्यांना तुमची टिपणे वाचून दाखवा आणि त्यांचे म्हणणे अहवालात नोंदवा.

(अ) ची उत्तरे : १. ॲल्विन टॉफ्लर यांनी. २. २०१८ मध्ये. ३. पिकलेल्या हापूसच्या गरातील पांढरट, स्पंजासारखा, बाहेरून न दिसणारा भाग.